खुशीने द्या, म्हणजे किती?

पूर्वी फोटोग्राफरची गरज लग्नाला, शाळेच्या ओळखपत्राला आणि सरकारी अर्जाला पडत असे. आता ती भांड्यांच्या दुकानदाराला पडते, पेढेवाल्याला पडते, साडीवाल्याला तर दर आठवड्याला पडते. व्हॉट्सॲपवर मालाची यादी टाकायची तर फोटो हवा, गूगलच्या नकाशावर ढाबा दिसायचा तर फोटो हवा, ऑनलाइन विकायचे तर पांढऱ्या पडद्यापुढे चारही बाजूंनी हवा. आमच्या गुरुकुंज मोझरीतही हे नवे काम उभे राहिले आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे १९३५ साली आश्रम उभारला. त्यांची समाधी येथेच आहे आणि पुण्यतिथी महोत्सवाला विदर्भभरातून माणसे येतात. त्या दिवसांत खंजिरीपासून मिठाईपर्यंत सगळ्यांची दुकाने लागतात. एका बाजूला तिवसा, दुसऱ्या बाजूला अमरावतीच्या अलीकडे नांदगाव पेठेजवळची कपड्यांची घाऊक बाजारपेठ. काम शोधणाऱ्याला काम आहे.

पण त्या कामाचा भाव कुणालाच ठाऊक नाही. गवंड्याच्या रोजीला भाव आहे, संत्रा तोडणाऱ्याच्या मजुरीला आहे, लग्नाच्या अल्बमलाही एव्हाना ठरून गेला आहे. चाळीस साड्यांच्या फोटोंचे किती द्यायचे, हे मात्र दुकानदारालाही माहीत नसते आणि फोटोवाल्यालाही नसते. म्हणून दोघेही एका सोयीच्या वाक्याच्या आडोशाला जातात. हा म्हणतो, "तुमच्या खुशीने द्या." तो म्हणतो, "देऊन देऊ ना भाऊ, कुठं पळून चाललो का?"

आमचा भाचा हेच काम करतो. त्याच्या वडिलांचा पासपोर्ट फोटोचा लहानसा स्टुडिओ होता. घरोघरी मोबाइल आले आणि तो बंद पडला. पोराने कॅमेरा सोडला नाही. सजीवांच्या फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय वेगळा. याचे बहुतेक काम वस्तूंचे असल्याने घरातल्या ज्येष्ठांचीही त्याला हरकत नाही. हात चांगला आहे, वेळ पाळतो, कामे मिळतात. तरीही गेल्या रमजान ईदनंतर तो आपल्या आईला म्हणाला की कॅमेरा विकतो आणि पुण्याला एखाद्या गोदामात पॅकिंगच्या कामाला लागतो. आपा आमच्याकडे आल्या. धाकट्या मुलीची अमरावतीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि घरातला एकुलता एक कमावता मुलगा घर सोडायच्या बेतात. वर्षभर महिन्याला आठ-दहा कामे करणाऱ्या माणसाच्या हाती काही उरत नसेल तर गळती कुठे आहे, हे पाहण्यासाठी आम्ही सगळे वही घेऊन बसलो.

गळती पहिल्याच पानावर दिसली. वर्षभरात त्याने एकदाही काम सुरू करण्याआधी रक्कम सांगितलेली नव्हती. विचारले तेव्हा म्हणाला, "मामू, पैसे की बात मुँह से निकलतीच नहीं." आपल्या घरांत मुलांना लिहाज शिकवला जातो आणि ते चांगलेच आहे. पण याच्या लिहाजात भीतीही मिसळलेली होती. गावात आपली चार घरे. सगळे ग्राहक शेजारचे, ओळखीचे, रोज रामराम-सलाम होणारे. भाव सांगितला आणि कुणाला जड वाटला तर संबंध जातील, मग उद्या कोण बोलावेल? ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण चांगुलपणा म्हणून कमी घेणे आणि भीतीपोटी कमी घेणे यांत फरक आहे, आणि तो घेणाऱ्याला स्वतःला नेमका ठाऊक असतो. दुकानदारांकडून पाहिले तर त्यांनीही काही फसवणूक केलेली नव्हती. भाव सांगितलाच नाही तर ते अंदाजाने देणार, आणि अंदाज नेहमी खिशाच्या सोयीने होतो. कुणी पाचशे दिले, कुणी सातशे. एका मिठाईवाल्याने दिवसभराच्या कामाचे तीनशे रुपये आणि एक किलो पेढे दिले. पेढे उत्तम होते.

आता आपल्या दीनमध्ये याबद्दल काय आहे ते पाहू. मजुराचा घाम वाळण्याच्या आत त्याचा मोबदला देण्याविषयीची इब्न माजाची हदीस आपल्या लहान मुलांनाही माहीत असते. काम पुरे करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, ही बुखारीतील हदीसही आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मात्र या दोन्हींच्या आधीची एक पायरी आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. फिकहमध्ये मोलाने काम करवून घेण्याच्या कराराला इजारा म्हणतात. 'हिदाया'सारख्या हनफी ग्रंथांत त्याची अट स्पष्ट आहे की काम काय ते माहीत हवे आणि उजरत किती तीही माहीत हवी. दोन्हींपैकी एक जरी अंधारात राहिले तरी करार सदोष. काम होऊन गेले असेल तर मग रिवाजाप्रमाणे जी मजुरी चालते ती द्यावी लागते, तिला उजरते मिस्ल म्हणतात. पण ज्या कामाचा रिवाजच अजून पडलेला नाही, त्याची उजरते मिस्ल काढणार कशावरून? म्हणजे "खुशीने द्या" हे वाक्य ऐकायला कितीही गोड असले तरी भांडणाचे बी त्यातच आहे. आणि भांडण झाले नाही तर मनात किंतु राहतो, तो भांडणापेक्षा जास्त टिकतो.

रक्कम आधी सांगायची हे ठरले. पण किती? येथे भाच्याने मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ सांगायला सुरुवात केली. दिल्ली-मुंबईचे फोटोग्राफर एका फोटोचे हजारो घेतात म्हणे. घेत असतील. त्यांच्या भाड्याचा, त्यांच्या ग्राहकाच्या गल्ल्याचा आणि मोझरीच्या स्टॅंडवरच्या दुकानाचा संबंध काय? दुसऱ्याच्या भावाची नक्कल करण्यापेक्षा आपला खर्च मांडावा, हे आम्ही धरून बसलो.

मांडला तो असा. नागपूरहून घेतलेला जुना कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून ७२,००० रुपयांचे. चार वर्षे चालतील असे धरले तर वर्षाचा घसारा १८,०००. लाइट, स्टॅंड, पडदे १५,००० चे, तीन वर्षांचे धरून ५,०००. कॉम्प्युटर ४५,००० चा, पाच वर्षे, म्हणून ९,०००. बॅटऱ्या, कार्ड, दुरुस्ती ६,०००. वीज, इंटरनेट आणि फोटो दुरुस्त करायचे सॉफ्टवेअर १०,०००. गाडीचे पेट्रोल १८,०००. बेरीज ६६,००० रुपये. ही रक्कम घरात येत नाही, ती धंदाच खातो. घराला त्याच्याकडून महिन्याला किमान १५,००० हवेत, म्हणजे वर्षाला १,८०,०००. एकूण २,४६,०००.

आता दिवस मोजायचे. वर्षाचे ३६५ दिवस कुणी विकू शकत नाही. जुम्मा, सणवार, आजारपण, पावसाळ्यातली मंदी जाऊन कामाचे अडीचशे दिवस उरतात. त्यांतही एक दिवस फोटो काढले की एक दिवस कॉम्प्युटरवर बसावे लागते, आणि अर्धा दिवस काम ठरवणे, पोचवणे, पैशासाठी फेरी मारणे यात जातो. म्हणजे प्रत्यक्ष फोटो काढायचे दिवस शंभरच. २,४६,००० ला १०० ने भागले तर २,४६० येतात. हा त्याचा एका दिवसाचा भाव, सोयीसाठी २,५०० धरा.

आजवर त्याला सरासरी सहाशे मिळत होते. शंभर दिवसांचे साठ हजार. धंद्याचा खर्च सहासष्ट हजार. वर्षभर राबून तो आईच्या घरातून सहा हजार रुपये लोकांच्या दुकानांत नेऊन टाकत होता. आपा काही बोलल्या नाहीत, त्यांनी ती वही आपल्याकडे ओढून बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

येथे एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची, कारण शिवणकाम, मेहंदी, केक करणाऱ्या आपल्या अनेक भगिनींनाही हाच प्रश्न पडतो. यंत्राचा घसारा आणि न विकले जाणारे दिवस हे दोन आकडे घरगुती धंद्यात कुणी धरत नाही. शिलाई मशीन मोडले की माहेरून पैसे येतात आणि मग आपण म्हणतो, धंद्यात बरकत नाही. बरकतीचा प्रश्न नंतरचा, आधी मशीनची किंमत भावात आली होती का ते पाहावे. (कामाच्या हत्यारांवर जकात नाही, हेही या निमित्ताने लक्षात असू द्यावे. कॅमेरा जकातीत मोजायचा नाही, वर्ष उलटलेली शिल्लक रक्कम निसाबात बसत असेल तर ती मोजायची.)

दिवसाचा भाव हाती आला, पण तो दुकानदाराला सांगून उपयोग नव्हता. "दिवसाचे अडीच हजार" ऐकताच पहिला ढाबेवाला म्हणाला, "काय रे बावा, बटन दाबाचे इतले पैसे?" व्यापारी माणसाला नग समजतो. म्हणून आत हिशेब दिवसाचा ठेवला आणि बाहेर भाव नगाचा सांगायचे ठरले. घडी घातलेली साडी नगाला ४५ रुपये, कारण दिवसात साठ होतात. स्टीलची आणि पितळेची भांडी ७० रुपये. ताटातला पदार्थ १८०, कारण वाफ निघून गेली, तर्री खाली बसली की ताट नव्याने मांडावे लागते आणि दिवसात पंधरा झाले तरी खूप. काम कितीही लहान असो, कमीत कमी १,२०० रुपये. त्यात काय काय मिळेल तेही एका कागदावर लिहिले: रंग आणि उजेड दुरुस्त केलेले फोटो, चार दिवसांत, मोबाइलवर आणि पेनड्राइव्हमध्ये. चूक फोटोवाल्याची असेल तर पुन्हा काढून देणे फुकट. मालकाचे मन बदलले तर निम्मे पैसे. कागद मराठीत, एका पानाचा, घरच्या प्रिंटरवर काढलेला.

तिवशाच्या एका भांडेवाल्याने कागद वाचून विचारले, "साडीले पंचेचाळीस अन् पळीले सत्तर काहून?" भाच्याने पळी त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाला, काका, तुमच्या मोबाइलने काढून पाहा. फोटोत पळी आलीच, शिवाय ट्यूबलाइट आली, समोरचा रस्ता आला आणि पळीच्या खोलगटात काकांचा स्वतःचा उलटा चेहरा आला. काका हसले आणि तीस नगांचे काम दिले.

सगळीकडे असे झाले नाही. जुन्या ग्राहकांपैकी तीन गेले. त्यांतल्या एकाकडे आता कॉलेजचा एक मुलगा मोबाइलने दोनशे रुपयांत काम करतो. भाच्याला राग आला होता. पण मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तसे करण्यास नकार दिला होता, हे अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी नोंदवले आहे. ज्याचा माल, ज्याची मेहनत, त्याला आपला भाव सांगण्याची मोकळीक आहे. ती आपल्याला आहे तशी त्या मुलालाही आहे. त्याच्या कामाला नावे ठेवायची नाहीत आणि दुसऱ्याचा सौदा ठरल्यावर मध्ये घुसून आपला कमी भाव सांगायचा नाही, एवढी दोन बंधने घरात ठरली. दुसरे बंधन सोपे नव्हते. महिनाभरातच तशी संधी आली आणि त्याने ती सोडली.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती सवलतीवर. मोझरीत खंजिरी तयार करून विकणारे कारागीर आहेत. तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी असे, म्हणून येथे येणारा माणूस ती आवर्जून घेतो. अशा एका वृद्ध कारागिराला वीस नगांचे फोटो हवे होते, मुलगा ऑनलाइन विकून पाहणार होता. खंजिरीच्या झांजा चकाकतात, चामडे चकाकत नाही, त्यामुळे काम भांड्यांइतकेच कटकटीचे. सत्तरप्रमाणे १,४०० झाले. म्हातारबांकडे तेवढे नव्हते, आणि ते भाच्याला म्हणाले, "तू त घरचाच पोट्टा हायेस, तुह्यासंग का भावताव कराचा?" आता लहानपणापासून ज्यांच्या ओट्यावर खेळला त्यांना काय उत्तर द्यावे?

आम्हाला तेव्हा सूरह कससमधला हजरत मूसा (अलै.) यांचा प्रसंग आठवला. मदयनच्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना कामावर ठेवताना आठ वर्षांची मुदत ठरवली आणि दहा पुरी केलीस तर ती तुझ्या मर्जीची गोष्ट, असे सांगितले. करार आठचा, वरची दोन वर्षे एहसानची. दोन्ही आकडे पहिल्याच बोलण्यात वेगवेगळे ठेवलेले आहेत. आम्ही भाच्याला तेवढेच सांगितले की भाव कमी करू नकोस, सवलत दे. त्याने बिलावर तीन ओळी लिहिल्या. वीस नग, १,४००. सवलत, ५००. देणे, ९००. म्हातारबांनी नऊशे दिले आणि बिल नीट घडी करून ठेवले. त्यांना कामाची खरी किंमत कळली. पुढच्या ग्राहकाने "त्यांना पंचेचाळीसने काढून दिले" म्हटले तर दाखवायला कागद आहे. आणि नियतीचाही प्रश्न आहे. सदक्याला नियत लागते. लाजेने जे पैसे सुटतात ते सदका कसे होणार? ती पाचशेची ओळ लिहिताना मुलाला माहीत होते की आपण काय देतो आहोत आणि कुणाला.

काही कामांना मात्र कागदावर भावच ठेवला नाही. एका मिठाईवाल्याला फोटोत आपल्या बर्फीवर चांदीचा वर्ख आणि दुप्पट पिस्ते हवे होते, प्रत्यक्षात नव्हते. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधून काढणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. ओला माल वर ठेवायचा असतो, लोकांना दिसेल असा. उजेड नीट करणे हे फोटोवाल्याचे काम, पिस्ते वाढवणे नाही. ते काम गेले.

कायद्याची एक बाजूही सांगायला हवी, कारण इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंमुळे येथे गैरसमज आहे. तिकडचे फोटोग्राफर म्हणतात, फोटो आमचा, तुम्ही फक्त वापराचे पैसे देता. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणाराच असतो, वेगळे काही ठरले नसेल तर. शेवटचे पाच शब्द महत्त्वाचे. भाच्याने एका दुकानदारासाठी मसाल्यांचे फोटो काढले होते, ते पुढे त्याच्या पुरवठादाराने हजारो पाकिटांवर छापले. कायद्याने त्यात काही करता आले नसते, कारण काहीच ठरलेले नव्हते. आता कागदावर ओळ आहे की दुकान, व्हॉट्सॲप आणि ऑनलाइन विक्रीसाठी फोटो दुकानदाराचे, पाकिटावर किंवा मोठ्या फलकावर छापायचे असतील तर भाव आधी वेगळा ठरेल. आणि नमुना म्हणून ते फोटो दाखवण्याची मोकळीक भाच्याला राहील.

राहता राहिली वसुली. निम्मे पैसे आधी घेतो, ते बहुतेक जण देतात. महामार्गावरच्या, मोझरीपासून बरेच दूर असलेल्या एका मोठ्या हॉटेलने मात्र बाकीचे ८,४०० रुपये चार महिने अडकवले. भाच्याची उद्यम नोंदणी झालेली आहे. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते, आणि सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची सक्ती नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा लहान व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि कितीही ठरवले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. त्यातच एप्रिल २०२४ पासून, असे थकवलेले पैसे देईपर्यंत व्यापाऱ्याला आयकरात तो खर्च दाखवता येत नाही, अशी तरतूद आली. हिशेबनिसाला हे बरोबर कळते.

प्रश्न त्या व्याजाचा होता. हक्क कायद्याने दिलेला, तरी ते व्याजच. अडचणीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी असे सूरह बकराची आयत सांगते, आणि ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे असे हदीस सांगते. हॉटेलचे पार्किंग रोज भरलेले असते, तेव्हा मुदतीचा प्रश्न नव्हता. घरात एक मत असे पडले की व्याज घेऊन गरिबांना देऊन टाकावे. आपा म्हणाल्या, जे घ्यायचेच नाही ते बिलावर तरी कशाला लिहायचे. शेवटी उद्यम नोंदणीचा क्रमांक, ४५ दिवसांची तारीख आणि आयकराच्या तरतुदीची एक ओळ घालून बिल हिशेबनिसाच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवले. व्याज लिहिले नाही. बारा दिवसांनी निम्मे आले. उरलेल्या ४,२०० साठी भाचा येत्या सोमवारी स्वतः जाणार आहे, जाताना त्याच रस्त्यावर एका साडीवाल्याचे साठ नगांचे काम आहे.